‘नुसती थिअरी’ म्हणजे काय? : नैसर्गिक निवडीविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातील नैसर्गिक निवडीवरच्या लेखानंतर वाचकांची बरीच पत्रे आली. काहींनी शंका विचारल्या आहेत, काहींनी आक्षेप घेतले आहेत, आणि एका पत्राने आमचीच चूक दाखवून दिली आहे. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहोत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण ते प्रश्नच तसे आहेत. ज्यांचे उत्तर थोडक्यात संपते ते उगाच ताणलेले नाही.

प्रश्न : उत्क्रांती ही अखेर एक ‘थिअरी’च आहे. दीडशेहून अधिक वर्षे उलटूनही ती सिद्ध होऊन तिचा ‘नियम’ का झाला नाही? आणि जे सिद्ध झालेले नाही, ते विज्ञान म्हणून का शिकवावे?

उत्तर : या प्रश्नातील निम्मी अडचण शब्दाची आहे. ‘थिअरी’ हा शब्द आपण रोजच्या बोलण्यात दोन ठिकाणी वापरतो. परीक्षेच्या संदर्भात थिअरी म्हणजे जे प्रात्यक्षिक नव्हे ते, आणि गप्पांत ‘माझी एक थिअरी आहे’ म्हणजे माझा एक अंदाज आहे. या दोन्ही अर्थांची सावली उत्क्रांतीवर पडते आणि ‘नुसती थिअरी’ हा शब्दप्रयोग जन्माला येतो. गंमत अशी की त्याच शब्दासाठी मराठीत रूढ असलेला ‘सिद्धांत’ हा शब्द अगदी दुसऱ्या टोकाला जातो. पूर्वपक्ष मांडून, त्याचे खंडन करून, वादाच्या अखेरीस जे प्रस्थापित होते तो सिद्धांत. म्हणजे थिअरी म्हटले की फारच कमी वाटते आणि सिद्धांत म्हटले की आता बोलायलाच नको असे वाटते. मला स्वत:ला जुन्या लेखकांचा ‘उपपत्ती’ हा शब्द अधिक नेमका वाटतो. एखादी गोष्ट अशीच का आहे, याची कारणांसह लावलेली संगती म्हणजे उपपत्ती. ती संगती भक्कम आहे की लेचीपेची, हे तो शब्द आधीच ठरवून टाकत नाही.

नियम ही सिद्धांताच्या वरची पायरी आहे, हा समजही असाच घट्ट बसलेला आहे. बॉइलचा नियम सांगतो की तापमान कायम ठेवून वायूवरील दाब दुप्पट केला की त्याचे आकारमान निम्मे होते. असे का होते, ते हा नियम सांगत नाही. त्यासाठी, वायू म्हणजे सतत धावणाऱ्या आणि भांड्याच्या भिंतींवर आदळणाऱ्या असंख्य रेणूंचा समूह आहे, असे मांडणारा गतिज सिद्धांत लागतो. नियम घडणाऱ्या गोष्टीची थोडक्यात नोंद करतो, सिद्धांत तिचे कारण उलगडतो. सिद्धांताच्या बाजूने कितीही पुरावा जमला तरी त्याला बढती मिळून त्याचा नियम होत नाही, कारण दोघांची कामेच वेगळी आहेत.

आता मूळ म्हणण्याकडे वळू. चार्ल्स डार्विन आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस यांची नैसर्गिक निवडीवरची टिपणे १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत वाचली गेली. (सभेला दोघांपैकी कोणीही हजर नव्हते.) पुढल्या वर्षी डार्विन यांचा ग्रंथ आला. या मांडणीचा गाभा तीन साध्या गोष्टींचा आहे. एकाच प्रजातीच्या जिवांत आपापसांत फरक असतात. त्यांतील काही फरक संततीत उतरतात. आणि त्या फरकांमुळे काहींची संतती इतरांच्या तुलनेत जास्त जगते. या तिन्ही गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे पिढ्यांगणिक त्या समूहाची घडण बदलल्यावाचून राहत नाही. यांपैकी एकही गोष्ट गूढ नाही, आणि तिन्हींची मोजमापे घेता येतात.

राहिला ‘सिद्ध’ होण्याचा प्रश्न. भूमितीतील प्रमेय ज्या अर्थाने सिद्ध होते, त्या अर्थाने विज्ञानातील कोणताच सिद्धांत सिद्ध होत नाही, गुरुत्वाकर्षणाचाही नाही. वैज्ञानिक सिद्धांताचे वजन पाहायचे असेल तर तो काय काय होऊ शकते म्हणतो यापेक्षा काय होऊ शकत नाही म्हणतो, ते पाहावे. ज्याला काहीही चालते तो सिद्धांत कामाचा नाही. उत्क्रांतीच्या सिद्धांताला पुष्कळ गोष्टी चालत नाहीत. सर्व सजीव समान पूर्वजांपासून फांद्या फुटत गेल्यासारखे आले असतील, तर सस्तन प्राण्यांचे जीवाश्म मासे अस्तित्वात येण्यापूर्वीच्या खडकांत सापडता कामा नयेत. पक्ष्याचे पंख आणि सस्तन प्राण्याचे स्तन दोन्ही असलेला प्राणी आढळता कामा नये. आणि दोन गटांना जोडणारा जीव असलाच, तर तो वाटेल त्या काळातील थरात नव्हे, ठरावीक काळातील थरात मिळायला हवा.

हे शेवटचे वाक्य नील शुबिन, टेड डेश्लर आणि फॅरिश जेंकिन्स या जीवाश्मशास्त्रज्ञांनी शब्दश: घेतले. सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मांसल परांचे मासे सापडत होते आणि सुमारे ३६ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीच्या खडकांत पाय असलेले प्राणी. मधल्या काळातला जीव हवा, तर मधल्याच काळातले, उथळ गोड्या पाण्यात साचलेले आणि उघडे पडलेले खडक शोधायला हवेत. असे खडक कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय भागात आहेत, हे भूशास्त्रीय नकाशांवरून दिसत होते. १९९९ पासून त्यांनी तिकडच्या मोहिमा सुरू केल्या आणि २००४ मध्ये एल्समेर बेटावर त्यांना सुमारे ३७ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीचा टिकटालिक मिळाला. त्याच्या अंगावर माशासारखे खवले होते आणि त्याला पर व कल्लेही होते. पण डोके सुसरीसारखे चपटे, डोळे डोक्याच्या वर, आणि डोके खांद्यांच्या हाडांपासून सुटे, म्हणजे त्याला मान होती. माशाला मान नसते. परांच्या आत मनगटाशी नाते सांगणारी हाडे होती. कुठे खणायचे आणि काय मिळायला हवे, हे सिद्धांतावरून आधी ठरवून मग कुदळ उचलली होती, हा यातला महत्त्वाचा भाग.

येथे एक तळटीपवजा गोष्ट सांगायलाच हवी, कारण उत्साहाच्या भरात ती गाळली जाते. २०१० मध्ये पोलंडमधील एका खाणीतून चौपायांच्या पाऊलखुणा म्हणून काही ठसे प्रसिद्ध झाले, आणि ते टिकटालिकपेक्षा दीड कोटीहून अधिक वर्षांनी जुने आहेत. ते ठसे खरोखर चौपायांचेच आहेत का, यावर मतभेद आहेत. असतील, तर पाय टिकटालिकच्या आधीच आले होते आणि टिकटालिक हा आपला खापरपणजोबा नसून त्या खापरपणजोबांचा मागे राहिलेला चुलत भाऊ ठरतो. तसेही एखादा ठरावीक जीवाश्म थेट पूर्वज आहे असा दावा जाणकार सहसा करत नाहीत. पण मासा आणि चौपाया यांच्या मधल्या बांधणीचे जीव होते, हे सांगायला चुलत भाऊही पुरतो.

प्रश्न : ‘जो लायक तो टिकतो’, आणि लायक कोण, तर ‘जो टिकला तो’. हे स्वत:च्याच शेपटीमागे फिरणे झाले. अशा विधानाची परीक्षा कशी घेणार? कार्ल पॉपर यांच्यासारख्या तत्त्वज्ञानेही हा सिद्धांत तपासता येत नाही असे म्हटले होते ना?

उत्तर : आक्षेप जुना आहे आणि चांगला आहे. मात्र तो सिद्धांतावर नसून एका घोषवाक्यावर आहे. ते वाक्य तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सर यांनी १८६४ मध्ये वापरले. ‘निवड’ म्हटले की निवडणारा कोणीतरी असावा असे लोकांना वाटते, म्हणून वॉलेस यांनी १८६६ मध्ये पत्र लिहून डार्विन यांना स्पेन्सरचे शब्द वापरण्याची सूचना केली, आणि १८६९ च्या आवृत्तीत डार्विन यांनी ते घेतले. एक गैरसमज टाळायला जाऊन दुसरा ओढवून घेतला, असेच म्हणावे लागेल. मराठीत तर तो थेट ‘बळी तो कान पिळी’ या म्हणीला जाऊन चिकटला आणि निसर्गात दांडगाईच चालते असा त्याचा अर्थ झाला. वास्तविक येथे लायक म्हणजे बलवान नव्हे. त्या जागी, त्या काळी, ज्याच्या अंगच्या गुणांमुळे अधिक संतती मागे राहण्याचा संभव आहे तो. संभव हा शब्द महत्त्वाचा आहे. एखाद्या लायक जिवावर वीज पडू शकते. त्याने त्याची लायकी कमी होत नाही.

आता ही लायकी टिकण्याच्या आधी, टिकण्यापासून वेगळी मोजता येते का, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी गालापागोस द्वीपसमूहातील डाफ्ने मेजर या लहानशा निर्जन बेटाकडे जावे लागेल. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे दांपत्य १९७३ पासून तेथील फिंच पक्ष्यांचा अभ्यास करू लागले. पक्षी जाळ्यात धरायचा, कॅलिपरने चोचीची लांबी, रुंदी आणि जाडी मोजायची, पायात रंगीत कड्या घालायच्या आणि सोडून द्यायचा, असे ते काम. बेटावरील जवळजवळ प्रत्येक पक्षी त्यांना कड्यांवरून ओळखू येत असे. आईबापांची आणि त्यांच्या पिल्लांची मापे ताडून पाहिल्यावर जाड चोचीच्या जोडप्यांची पिल्लेही जाड चोचीची निघतात, हेही स्पष्ट झाले. बियांचे आकार आणि त्या फोडायला लागणारा जोर त्यांनी वेगळा मोजला होता.

१९७७ मध्ये पावसाने दगा दिला. मऊ, बारीक बिया पक्ष्यांनी काही महिन्यांत संपवल्या. उरली ती मुख्यत: सराट्याच्या कुळातील एका वनस्पतीची टणक, काटेरी फळे. सराटा ज्याच्या पायात रुतला आहे त्याला हे फळ काय प्रकरण आहे ते सांगावे लागणार नाही. ते चोचीत धरून, पिळून, कोपरा तोडून आतली बी काढायची, तर चोच मुळाशी जाड हवी, आणि येथे मिलिमीटराच्या अंशांनी फरक पडत होता. त्या दुष्काळात मध्यम जमीन-फिंच या प्रजातीतील दर शंभरांपैकी सुमारे पंच्याऐंशी पक्षी मेले. जे वाचले त्यांच्या चोचीची सरासरी जाडी दुष्काळापूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे अर्ध्या मिलिमीटरने अधिक भरली, आणि पुढल्या वर्षी जन्मलेल्या पिल्लांची चोचही दुष्काळापूर्वीच्या सरासरीहून जाड निघाली. एकाही पक्ष्याची चोच दुष्काळात वाढली नव्हती. कोण उरले ते बदलले होते. पुढे १९८३ मध्ये प्रचंड पाऊस झाला, बेट वेलींनी झाकले गेले, बारीक बियांचे पीक आले, आणि त्यानंतरच्या वर्षांत पारडे बारीक चोचीकडे झुकले.

एवढ्यावरही कोणी म्हणेल की दुष्काळ पडला की चोच जाड होते, एवढाच काय तो नियम. तर २००३ आणि २००४ मध्ये त्याच बेटावर पुन्हा पावसाने ओढ दिली, त्याच प्रजातीचे पक्षी पुन्हा मोठ्या संख्येने मेले, आणि या वेळी सरासरी चोच लहान झाली. कारण मधल्या काळात बेटावर जाड चोचीची मोठी फिंच प्रजाती येऊन स्थायिक झाली होती, आणि ती टणक फळांचा फडशा पाडत होती. मध्यम फिंचमधील जाड चोचीच्या पक्ष्यांचे अन्नच संपले; बारीक बियांवर भागवणारे त्यातल्या त्यात तगले. ‘जो टिकला तो लायक’ एवढेच या सिद्धांताचे म्हणणे असते, तर दोन दुष्काळांचे दोन उलटे निकाल त्याला सारखेच मुके राहिले असते. येथे मात्र चोच, बी आणि प्रतिस्पर्धी यांच्या मापांवरून दोन्ही निकालांचे कारण दाखवता येते.

पॉपर यांनी नैसर्गिक निवडीला तपासण्याजोगा सिद्धांत न म्हणता संशोधनाची एक तत्त्वज्ञानात्मक चौकट म्हटले होते, हे खरे आहे. पण १९७७ मध्ये केंब्रिजच्या डार्विन कॉलेजात दिलेल्या आणि पुढल्या वर्षी छापलेल्या व्याख्यानात त्यांनी, या सिद्धांताच्या तपासणीयोग्यतेविषयीचे आपले मत बदलले आहे, असे स्पष्टपणे सांगितले. पहिले मत सांगणारे दुसरे क्वचितच सांगतात.

प्रश्न : प्रतिजैविके वारंवार घेतली की जंतू औषधाला सरावतात, असे डॉक्टरही म्हणतात. म्हणजे गरज ओळखून जंतूंनी स्वत:त बदल केला, असेच ना? आणि तसे नसेल, तर आंधळ्या योगायोगातून इतके नेमके बदल कसे होतात?

उत्तर : ‘सरावतात’ हा शब्द बोलण्यात बसून गेला आहे, पण त्याने चित्र उलटे उभे राहते. थंड पाण्याला माणूस सरावतो, म्हणजे तोच माणूस हळूहळू बदलतो. औषधाला न जुमानणारे जीवाणू हे बहुतेक वेळा सरावलेले जीवाणू नसतात. ते आधीच वेगळे असलेल्या थोड्यांचे वंशज असतात, आणि बाकीचे औषधाने मेल्यामुळे त्यांना मोकळे रान मिळालेले असते.

हे कशावरून, असे आपण विचाराल. सॅल्व्हादोर लुरिया आणि माक्स डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये हेच विचारले. त्यांच्या प्रयोगात औषधाच्या जागी जीवाणूंना मारणारा विषाणू होता. विषाणूला दाद न देणारे काही जीवाणू नेहमीच सापडत. ते विषाणूशी गाठ पडल्यावर बदलत होते, की गाठ पडण्यापूर्वीच तसे होते? लुरिया यांना प्रयोगाची कल्पना एका नृत्यसमारंभात सुचली. एक सहकारी पैसे टाकून खेळायच्या यंत्रावर नशीब आजमावत होता. बहुतेक वेळा हाती काहीच येत नव्हते, आणि अचानक एकदा नाण्यांचा ढीग बाहेर पडला. लुरिया यांच्या डोक्यात प्रकाश पडला तो त्या ढिगाच्या अनियमितपणामुळे.

प्रयोग असा. थोड्याशा जीवाणूंपासून सुरुवात करून पुष्कळ लहान नळ्यांत वेगवेगळी वाढ करायची आणि मग प्रत्येक नळीतील जीवाणू विषाणूंनी भरलेल्या एकेका बशीवर पसरायचे. प्रतिकार विषाणूमुळे उत्पन्न होत असेल, तर सर्व बशांतील जीवाणूंना तो तेथेच, एकाच वेळी भेटणार, म्हणून वाचलेल्यांची संख्या सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखी यायला हवी. पण प्रतिकार देणारे उत्परिवर्तन (जनुकातील आपोआप झालेला बदल) वाढीच्या काळात केव्हातरी, विषाणूचा मागमूस नसताना होत असेल, तर ते एखाद्या नळीत अगदी सुरुवातीला होईल आणि त्याचे असंख्य वंशज तयार असतील, एखाद्यात अगदी शेवटी होईल आणि एखाद्यात होणारच नाही. प्रत्यक्षात काही बशांत वाचलेल्या जीवाणूची एकही वसाहत (एका जीवाणूपासून वाढलेला ठिपका) नव्हती, तर काहींत शंभराहून अधिक. यंत्रातून नाण्यांचा ढीग पडावा तसेच. एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये हीच गोष्ट मखमलीच्या तुकड्याने डोळ्यांसमोर मांडली: जीवाणूंच्या बशीवर मखमल दाबून तिचा ठसा दुसऱ्या, औषध घातलेल्या बशीवर उमटवायचा; दुसरीत ज्या जागी वसाहत तगली, पहिलीतील नेमक्या त्याच जागचे जीवाणू औषधाचे तोंडही न पाहता प्रतिकारक निघाले. (प्रत्यक्ष आजारात आणखी एक भानगड असते: जीवाणू प्रतिकाराची जनुके एकमेकांना देऊही शकतात. पण ती जनुकेही आधी कोठेतरी उद्भवलेलीच असतात.)

आता योगायोगाबद्दल. उत्परिवर्तन आंधळे असते याचा अर्थ ते गरजेकडे पाहून होत नाही, एवढाच. निवड आंधळी असली तरी ती लॉटरी नसते. सराट्याचे फळ कोणती चोच फोडते, हे चिठ्ठ्या टाकून ठरत नाही. आणि गुंतागुंत एका उडीत येत नाही. रिचर्ड लेन्स्की यांनी फेब्रुवारी १९८८ मध्ये एकाच पूर्वजापासूनचे ई. कोलाय जीवाणू बारा चंबूंत वाढवायला घेतले. त्यांच्या अन्नद्रवात सायट्रेट (लिंबातील आम्लाचा क्षार) होते, पण प्राणवायू असताना ते खाणे या जीवाणूंना जमत नाही. सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर बारांपैकी एका चंबूतील जीवाणूंना ते जमू लागले. दर ५०० पिढ्यांनी काही जीवाणू गोठवून ठेवलेले असल्यामुळे जुन्या पिढ्या वितळवून प्रयोग पुन्हा मागून चालवता आला. तेव्हा असे दिसले की अगदी सुरुवातीच्या पिढ्यांतून हा गुण पुन्हा उद्भवत नाही, नंतरच्या पिढ्यांतून उद्भवतो. आधी काही तयारीचे बदल होऊन गेले होते, आणि ते होताना सायट्रेट हे कोणाचेही उद्दिष्ट नव्हते.

प्रश्न : माणूस माकडापासून झाला, तर आजची माकडे माणसे का होत नाहीत?

उत्तर : आपण आपल्या चुलत भावापासून जन्मलेलो नसतो, दोघांचे आजोबा एक असतात. माणूस आणि चिंपांझी यांचे समान पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होते, ते ना माणूस होते ना चिंपांझी, आणि त्यानंतर दोन्ही शाखा आपापल्या वाटेने तेवढाच काळ बदलत आल्या आहेत. आजच्या माकडांशी आपले नाते याहूनही दूरचे आहे.

नात्याचा पुरावा विचाराल तर एकच देतो. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्या पेशींत ४८ गुणसूत्रे असतात आणि आपल्या पेशींत ४६. पूर्वज समान असतील तर एक जोडी गेली कुठे? अख्खी जोडी हरवणे प्राणघातक ठरले असते, म्हणजे दोन गुणसूत्रे एकमेकांना जोडली गेली असली पाहिजेत. आपले दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र तपासले तर एरवी केवळ टोकाशी असणारी रचना त्याच्या मध्यभागी, टोकाला टोक भिडल्यासारखी आढळते, आणि त्यावर एकाऐवजी दोन गुणसूत्रबिंदूंच्या (पेशी विभागताना गुणसूत्र जेथे धरून ओढले जाते त्या जागांच्या) खुणा आहेत. त्यांपैकी एक निकामी झालेला आहे.

या प्रश्नामागे ‘उत्क्रांती’ या शब्दाचाही हात असावा. ‘उत्’ म्हणजे वर, म्हणून उत्क्रांती म्हणजे वर चढत जाणे आणि सर्वांत वरच्या पायरीवर आपण, असे चित्र तो शब्द ऐकताच उभे राहते. शब्द आता बदलणार नाही, पण शिडीच्या जागी झाडाची फांदी डोळ्यांसमोर आणलेली बरी.

प्रश्न : डार्विन यांच्या बऱ्याच गोष्टी चुकीच्या ठरल्या, असे वाचले. मग सिद्धांतच मोडीत का काढत नाहीत?

उत्तर : चुका होत्या, आणि त्यांतली एक मोठी होती. गुण संततीत कसे उतरतात, हे डार्विन यांना ठाऊक नव्हते. शरीराच्या सर्व भागांतून सूक्ष्म कण निघून जननपेशींत जमा होतात, अशी कल्पना त्यांनी १८६८ मध्ये मांडली. ती पूर्णपणे चुकीची होती. आईबापांचे गुण दोन रंगांसारखे मिसळत असतील तर कोणताही नवा उपयुक्त गुण काही पिढ्यांत फिका पडून नाहीसा होईल, हा अभियंते फ्लीमिंग जेनकिन यांचा १८६७ मधील आक्षेप बिनतोड होता, आणि डार्विन यांच्याजवळ त्याला समाधानकारक उत्तर नव्हते. ग्रेगोर मेंडेल यांनी ते उत्तर १८६६ मध्येच छापले होते, गुण मिसळत नाहीत, त्यांचे घटक अखंड राहतात. पण त्याकडे जगाचे लक्ष १९०० मध्ये गेले. पुढे फिशर, हाल्डेन आणि राइट या शास्त्रज्ञांनी गणिताने दाखवून दिले की मेंडेल आणि डार्विन यांचे भांडण नाहीच. उलट मेंडेल यांच्यावाचून डार्विन यांची गाडी चालत नव्हती.

दुसरा आक्षेप काळाचा होता. लॉर्ड केल्विन यांनी पृथ्वी थंड होण्याच्या वेगावरून तिचे वय काढले, आणि १८९७ मध्ये ते २ ते ४ कोटी वर्षांवर आणून ठेवले. एवढ्या वेळात हे सारे घडणे अशक्य होते. येथे सिद्धांत खरोखर पणाला लागला होता. पृथ्वीच्या अंतरंगातील उष्णता केल्विन धरतात त्याहून सहज वाहत असेल तर सारा हिशोब कोलमडतो, हे जॉन पेरी यांनी १८९५ मध्येच दाखवले होते. पुढे किरणोत्सर्गावरून खडकांची वये काढता येऊ लागली, आणि आज पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे मानले जाते. चूक भौतिकीच्या बाजूची निघाली.

आजही वाद आहेत. मोतू किमुरा यांनी १९६८ मध्ये मांडले की रेणूंच्या पातळीवरील बहुतेक बदल ना हिताचे ना अहिताचे असतात, ते केवळ योगायोगाने टिकतात. तेव्हापासून निवडीचा वाटा किती आणि योगायोगाचा किती, यावर तज्ज्ञ तावातावाने भांडत आले आहेत. ते भांडण सजीवांना समान पूर्वज होते की नव्हते यावर नाही.

याच पत्रात ‘पहिला जीव कसा निर्माण झाला’ असेही विचारले आहे. नैसर्गिक निवडीला प्रती काढणारे काहीतरी आधी लागते. ते कसे आले, हा रसायनशास्त्राचा वेगळा आणि अजून न सुटलेला प्रश्न आहे.

एका शिक्षिकेचे पत्र : गेल्या अंकातील लेखात ‘उंच झाडांची पाने खाता यावीत म्हणून जिराफाची मान लांब झाली’ असे वाक्य आहे. हे डार्विन यांचे म्हणणे नव्हे. वर्गात याच वाक्याला मी गुण कापते.

उत्तर : गुण कापावेत हेच योग्य. चूक ‘यावीत म्हणून’ या दोन शब्दांत आहे. त्यांनी हेतू आत शिरतो, आणि मान लांब होण्यापूर्वीच ती कशासाठी हवी हे कोणाला तरी ठाऊक होते असा अर्थ निघतो. वाक्य असे हवे होते: ज्या पूर्वजांच्या माना इतरांपेक्षा थोड्या लांब होत्या त्यांची संतती अधिक उरली, आणि हे पिढ्यान् पिढ्या होत गेल्यामुळे सरासरी मान लांब होत गेली. संतती अधिक का उरली, याबद्दलही आम्ही जरा घाईच केली. उंचावरची पाने हे एक संभाव्य कारण आहे. नर एकमेकांशी मानेनेच झुंजतात, आणि लांब, जड मानेच्या नराला माद्या मिळवणे सोपे जात असावे, हे दुसरे कारण १९९६ मध्ये पुढे आले, आणि वाद अजून मिटलेला नाही.

जिराफाची मान हाताशी आहेच, तर तिच्यात दडलेली एक गोष्ट वर्गात सांगण्यासारखी आहे. स्वरयंत्राकडे जाणारा एक मज्जातंतू मेंदूतून निघतो, शेजारच्या स्वरयंत्राला ओलांडून सरळ छातीत उतरतो, डाव्या बाजूला हृदयाजवळ महाधमनीला वळसा घालतो आणि पुन्हा मान चढून स्वरयंत्राशी येतो. आपल्यातही तो असाच जातो. माशांत याच तंतूचा भाऊबंद कल्ल्यांच्या रक्तवाहिन्यांमागून जवळच्या वाटेने जातो, कारण त्यांना मान नसते आणि हृदय कल्ल्यांना लागूनच असते. चौपायांत मान आली, हृदय खाली सरकले, आणि रक्तवाहिनीच्या मागे अडकलेला तंतू तिच्याबरोबर ओढला गेला. तो वाहिनीच्या पुढून काढून घ्यायचा तर गर्भाच्या जडणघडणीची सारी मांडणी एकदम बदलावी लागली असती. आणखी थोडा लांबवणे मात्र प्रत्येक पिढीत शक्य होते. जिराफात तो वीतभर अंतरासाठी काही मीटरांचा फेरा घालतो.